छप्पर सरकारचं, वाट लोकलची

उल्हासनगरच्या एखाद्या जुन्या दुकानाची पावती हाती आली, तर तिच्यावरचा पत्ता जरा सावकाश वाचावा. बॅरेक नंबर अमुक, रूम नंबर तमुक, सेक्शन अमुक, उल्हासनगर-३. प्रत्यक्ष जागेवर बराकीचा मागमूस नसतो. चार मजली इमारत असते, तळाला कापडाचं नाहीतर मोबाइलचं दुकान आणि वर बिऱ्हाडं. पत्त्यातली बराक मात्र हलायला तयार नाही. शहराचे भागही पेठा-आळ्यांच्या नावांनी ओळखले जात नाहीत. कॅम्प एक ते कॅम्प पाच असे ते आकड्यांनीच ओळखले जातात, आणि रिक्षात बसताना पहिला प्रश्न येतो तो "कुठला कॅम्प?" हाच.

नवी मुंबईहून महापे, शीळफाटा, काटई नाका, नेवाळी असं करत इथे पोचायला तासभर लागतो. शीळफाट्याची मर्जी असेल तर. या रस्त्याच्या एका टोकाला आधी कागदावर आखलेलं आणि मग बांधलेलं शहर आहे, दुसऱ्या टोकाला आधी माणसांनी भरलेलं आणि मग कागदावर आलेलं. दोन्हींच्या मुळाशी सरकारी टेबलावरचा एकच प्रश्न होता. लाखो माणसांनी कुठे राहायचं हे सरकार ठरवू शकतं का? आणि ठरवलं, तर माणसं तिथे राहतात का? उत्तर शोधायला लागलं की कल्याणपासून कोल्हापूर, गडचिरोली आणि थेट इंग्लंडातल्या लेस्टरपर्यंत जावं लागतं, आणि दर ठिकाणी तीच गंमत पुन्हा भेटते.

सुरुवात कल्याणपासून करू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणच्या बाजूला उल्हास नदीजवळ एक प्रचंड लष्करी तळ उभारला. दोन हजारांहून जास्त बराकी, मधोमध लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. जागा इथेच का निवडली, याचं उत्तर नकाशात आहे. कल्याणला रेल्वे १८५४ मध्येच आली होती, आणि तिथून एक फाटा नाशिककडे तर दुसरा पुण्याकडे जातो. सैन्य, तोफा, धान्य काहीही कुठेही हलवायचं तर याहून सोयीचं ठिकाण मिळणं कठीण. युद्ध संपलं, सैनिक गेले आणि बराकी ओस पडल्या.

मग फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल तुटले, तरी त्यांचा एकेक तुकडा भारतात राहिला. सिंध मात्र सगळाच्या सगळा पाकिस्तानात गेला. पंजाबी निर्वासिताला निदान आपल्या भाषेचा, आपल्या ओळखीच्या शेतीचा प्रदेश समोर होता. सिंधी हिंदूला भारतात आपलं म्हणावं असं एक गावही नव्हतं. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली आणि तोवर थांबून राहिलेल्यांचाही धीर सुटला. कराचीहून बोटी भरभरून मुंबईच्या धक्क्याला लागू लागल्या.

मुंबईच का? १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीचा कारकून मुंबईच्या सचिवालयाला कागद पाठवत होता, शिकारपूरचा सराफ मुंबईच्या पेढीशी हुंडीचा व्यवहार करत होता. म्हणजे जो प्रांत मुंबईपासून बारा वर्षांपूर्वी वेगळा झाला, त्याचीच माणसं आता ट्रंका घेऊन तिच्या बंदरात उतरत होती. त्यांच्या दृष्टीने ही जुन्या राजधानीकडची वाट होती.

सरकारच्या दृष्टीने ती डोकेदुखी होती. युद्धकाळात मुंबई आधीच तुडुंब भरली होती आणि १९४७ मध्येच भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला होता. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते, मोरारजी देसाई गृहमंत्री. १९४८ मध्ये मुंबई सरकारने निर्वासितांसाठी खास कायदा केला: त्यांची नोंदणी करायची आणि त्यांच्या हालचालींचं नियमन करायचं. साध्या भाषेत, कोण आलं ते आम्हाला कळलं पाहिजे आणि कोण कुठे राहणार ते आम्ही सांगणार. स्वतंत्र देशाच्या नागरिकांना, तेही सगळं गमावून आलेल्यांना, स्वतंत्र देशाच्याच सरकारने असं सांगावं हे आज वाचताना खटकतं. पण धक्क्यावर बोट लागलेली आहे आणि रात्री हजारो माणसं झोपवायची आहेत, असं चित्र डोळ्यांपुढे आणलं की त्या अधिकाऱ्याची घाईही कळते.

मुंबईत नको, पण मुंबईपासून फार लांबही नाही, अशा जागा शोधल्या गेल्या. चेंबूर, मुलुंड, सायन-कोळीवाडा, पुण्याजवळ पिंपरी, आणि सर्वांत मोठी कल्याणची रिकामी छावणी. पैसेवाल्यांनी आपापल्या सहकारी सोसायट्या काढल्या; मुंबईतली नवजीवन सोसायटी त्यातलीच. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते बराकीत आले. मधल्या हॉलमध्ये कापडाचे पडदे लावून एकेका कुटुंबाची जागा ठरली. सैनिकांसाठी बांधलेल्या त्या हॉलमध्ये आता बाळंतपणं होत होती, लग्नं ठरत होती, पापड लाटले जात होते. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. १९५१ च्या जनगणनेत तिथे ८० हजारांवर माणसं मोजली गेली.

इथे जरा पंजाबकडे वळतो, कारण तिथे सरकारी हिशेबाने जी कमाल केली तिच्याशिवाय उल्हासनगरचं वेगळेपण कळणार नाही. पश्चिम पंजाबातून आलेल्या हिंदू-शिखांनी मागे सोडलेली जमीन होती सुमारे २७ लाख हेक्टर. पूर्व पंजाबातून गेलेल्या मुसलमानांची मागे उरलेली जमीन होती सुमारे १९ लाख हेक्टर. वर पश्चिमेची जमीन कालव्याच्या पाण्याची, सकस. पूर्वेची बरीचशी कोरडी. आता वाटणी कशी करायची?

हे काम आलं तरलोक सिंग या आयसीएस अधिकाऱ्याकडे. त्यांनी जमीन एकरात मोजणं सोडलं आणि पिकात मोजायला सुरुवात केली. ज्या जमिनीतून दहा-अकरा मण धान्य निघेल ती एक 'प्रमाण एकर', मग ती प्रत्यक्षात एक एकर असो की चार. दुसरी युक्ती कपातीची. ज्याची दहा एकर गेली त्याची पाव हिश्शाने कपात, म्हणजे साडेसात एकर मिळणार. जमीन वाढत जाईल तशी पुढच्या टप्प्यावरची कपात वाढत जाणार, आणि पाचशे एकरांच्या वरच्या भागावर ती ९५ टक्के. आपण प्राप्तिकर टप्प्यांनी भरतो त्याच धर्तीचं हे गणित, फक्त इथे कर भरायचा होता हरवलेल्या जमिनीवर. १९४९ च्या नोव्हेंबरपर्यंत अडीच लाख जमीनवाटपं झाली, आणि शक्य तिथे एका गावची माणसं एकत्रच बसवली गेली. जमीनदारी मोडण्यासाठी देशात एवढे कायदे झाले, पण एका पुनर्वसन खात्याने केवळ गुणाकार-भागाकाराने बड्या जमीनदाराला लहान शेतकऱ्याच्या इतकं जवळ आणून बसवल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

सिंध्यांच्या बाबतीत हे गणित चालणारच नव्हतं. ते बहुतेक शहरी: व्यापारी, सावकार, कारकून, मास्तर. त्यांना देता येईल अशी जमीन मुंबई राज्यात पडलेली नव्हती, आणि दिली असती तरी नांगर कोण धरणार होतं? त्यांच्यासाठी कागदाचा मार्ग निघाला. सिंधमध्ये तुमचं घर काय किमतीचं होतं त्याचा दावा दाखल करायचा, सरकार तो तपासणार. १९५४ च्या भरपाई कायद्याने एक मोठा निधी उभा केला. पाकिस्तानात गेलेल्यांची इथली मालमत्ता आणि सरकारने निर्वासितांसाठी बांधलेली घरं त्यात धरली. दावा मंजूर झाला की पूर्ण किंमत हाती येत नसे, त्याचा काही हिस्सा येई, आणि दावा जितका मोठा तितका हा हिस्सा बारीक. तो हिस्सा आपण राहत असलेल्या खोलीच्या किमतीत वळता करून घेता येई. यातलं नवल लक्षात येतंय का? हैदराबाद सिंधमधला चौसोपी वाडा कागदावर वितळला आणि कल्याणजवळच्या एका बराकीची खोली होऊन बाहेर आला. दोन देशांच्या सीमेपलीकडून, एक वीटही न हलवता.

इथवर सगळं सरकारचं काम. पुढचं मात्र कोणत्याही फाइलीत नव्हतं.

सकाळी बराकीतून बाहेर पडलेला माणूस काय करायचा? विठ्ठलवाडी नाहीतर कल्याण गाठायचा आणि मुंबईची लोकल धरायचा. बिस्किटं, रुमाल, कंगवे, पापड, जे मिळेल ते गाडीत आणि फुटपाथवर विकायचा. पागडी देऊन दुकान घेणं शक्य नव्हतं, मग खांद्यावरची पिशवी हेच दुकान. मुंबईच्या घाऊक बाजारातून उधारीवर माल उचलायचा, थोड्या नफ्यावर खपवायचा आणि दुसऱ्या दिवशी पैसे चुकवून पुन्हा माल. बराकीतल्या शेजाऱ्याला उधार कुठे मिळतं हे ठाऊक होतं, त्याच्या मेव्हण्याला शिलाई मशीन भाड्याने कुठे मिळतं ते. हळूहळू माल विकण्याऐवजी तयारच होऊ लागला. फर्निचर, गजानन मार्केटचं कापड, पुढे कॅम्प पाचमधल्या जीन्स. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद महाराष्ट्राने इतका वापरला की त्याच्या आड दडलेली गोष्ट कुणी पाहिलीच नाही: सरकारने दिली फक्त झोपायची जागा, कारखानदारी त्या जागेने स्वतः काढली. तेही लष्कराने रेल्वेला लागून तळ टाकला म्हणून. छावणी दहा कोस आत असती तर?

या प्रश्नाचं एक उत्तर कोल्हापूरजवळ सापडतं. वळिवड्याला १९४३ मध्ये एक छावणी उभी राहिली, पोलंडच्या लोकांसाठी! सोव्हिएत सत्तेने सैबेरियाकडे हाकललेली पोलिश कुटुंबं सुटका झाल्यावर इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि पंचगंगेच्या खोऱ्यात सुमारे पाच हजार जणांचं एक छोटं पोलंड वसलं. शाळा, चर्च, नाटकं सगळं असलेलं. पुरुष बहुतेक सैन्यात, त्यामुळे बायका-मुलंच जास्त. १९४८ पर्यंत ते पांगले, आणि रिकाम्या घरांत आले सिंधी. त्याच भिंती, तेच छप्पर. पोलिश लोकांसाठी तो मुक्काम होता, त्यांना पुढे जायचं होतं. सिंध्यांना परतायला घर नव्हतं, आणि शेजारी कोल्हापूरची पेठ होती, रेल्वे होती. आज तीच जागा गांधीनगर आहे. लग्नाचा बस्ता बांधायला सांगली-साताऱ्यापासून लोक तिथे जातात, आणि त्यातल्या फार थोड्यांना पोलंडचा पत्ता असतो.

आता उलट टोक. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे वर्षानुवर्षं येतच राहिले आणि पश्चिम बंगालने हात वर केले. १९५८ मध्ये केंद्राने दंडकारण्य प्रकल्प काढला. ओरिसातले कोरापुट आणि कालाहांडी, मध्य प्रदेशातलं बस्तर, एवढ्या अवाढव्य प्रदेशात जंगल तोडून वसाहती. लगतच्या चांदा जिल्ह्यातही, त्याच्या आजच्या गडचिरोली भागात, बंगाली कुटुंबं बसवली गेली. कागदावर हे औदार्य होतं: जमीन, बैल, बियाणं, घर. पण ज्याचं आयुष्य नदीच्या गाळात भात लावण्यात आणि मासे धरण्यात गेलं त्याला कोरड्या मुरमाड माळावर उभं केलं होतं. बाजार लांब, ओळखीची माणसं नाहीत, पाणी पावसाच्या भरवशावर. आणि ती जमीनही रिकामी नव्हती. गोंड-माडियांच्या जंगलाला सरकारने परस्पर मोकळी जागा ठरवलं होतं.

१९७८ मध्ये दंडकारण्यातली हजारो कुटुंबं सामान विकून बंगालकडे निघाली. सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर त्यांनी स्वतःच वसाहत उभारली: बंधारे, शाळा, मासेमारी. वर्षभरात सरकारने नाकेबंदी केली आणि मे १९७९ मध्ये पोलिसांनी बेट रिकामं केलं. किती माणसं मेली यावर आजही वाद आहे. सरकारने दिलेली जमीन सोडून माणसं जीव धोक्यात घालून चिखलाच्या बेटावर गेली, याहून स्पष्ट अर्ज सरकारदरबारी कुणी काय करणार?

गडचिरोलीतले बंगाली मात्र टिकले. मूलचेरा, चामोर्शी तालुक्यांत त्यांची गावं आहेत, तळी आहेत, तळ्यात मासे आहेत, आणि दुर्गापूजेला ढाक वाजतो. गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडाजवळ १९७० च्या दशकापासून वसलेल्या तिबेटी वसाहतीचंही तसंच. सरकारने शेती दिली, पण हिवाळा आला की स्वेटरचे गठ्ठे घेऊन त्यांतले कित्येक जण शहरांच्या रस्त्यांवर येतात.

जगातही हेच. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा ब्रिटिश सरकारने देशाचे लाल आणि हिरवे भाग पाडले. लाल भागात आधीच गर्दी, तिकडे जाऊ नका. हिरव्या भागात जागा आहे, तिकडे जा. लेस्टरच्या नगरपरिषदेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन 'इकडे येऊ नका' म्हणून बजावलं. लोक लेस्टरलाच गेले. कारण तिथे मावसभाऊ होता, गुजराती दुकान होतं, गिरणीत काम होतं. पुढे डबघाईला आलेल्या त्या शहराच्या पेठा याच लोकांनी सावरल्या, आणि लेस्टरला आता त्यांचा अभिमान आहे.

स्वीडनने १९८५ पासून निर्वासितांना देशभर विखरून वसवण्याचं धोरण राबवलं. कोण कुठे जाणार हे अधिकारी ठरवत, त्यामुळे अर्थतज्ज्ञांना आयताच प्रयोग मिळाला: सारख्याच माणसांपैकी काही आपल्या देशबांधवांच्या जवळ पडले, काही लांब. २००३ मध्ये पेर-आन्देर्स एदिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे मांडले, तेव्हा दिसलं की कमी शिकलेल्यांची कमाई देशबांधवांच्या सोबतीत वाढते. सरकारला जी 'गर्दी' वाटते, तीच गरीब नवागताची बँक असते आणि रोजगार कार्यालयही. उल्हासनगरच्या बराकीत हे पडद्याआड घडत होतं, फक्त कुणी मोजत नव्हतं.

म्हणून तिथे सगळं आलबेल झालं असं नाही. १३ चौरस किलोमीटरमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार ५ लाख ६ हजार माणसं, म्हणजे दर चौरस किलोमीटरला सुमारे ३९ हजार. बराकीवर मजला, मजल्यावर मजला, परवानगी कुणी विचारायची? न्यायालयाने बांधकामं पाडायला सांगितली, तेव्हा २००६ मध्ये विधिमंडळाला एकट्या उल्हासनगरसाठी अनधिकृत बांधकामं नियमित करण्याचा कायदा करावा लागला. तात्पुरत्या छावणीला कायमचं शहर मानायला सरकारला अर्धशतक लागलं, त्याची ही किंमत.

आणि छावणीखालची जमीन? तीही कुणाची तरी होतीच. जवळच्या नेवाळीत युद्धकाळात धावपट्टीसाठी घेतलेल्या शेतांसाठी गावकरी २०१७ मध्ये रस्त्यावर उतरले, पंच्याहत्तर वर्षांनी.

नेवाळीहून परत नवी मुंबईकडे यायचं तर हाच धागा हाती येतो. इथे फाळणी नव्हती, पण माणसं विखरायची होतीच. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात मांडलेली कल्पना अशी की खाडीपलीकडे दुसरं शहर उभारावं आणि मुंबईचा भार हलका करावा. १९७० मध्ये त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, ९५ गावांच्या जमिनी घेण्याचं ठरलं. भूमिपुत्रांना मोबदला नीट मिळावा म्हणून शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांनी लढा उभारला आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं सूत्र त्या रक्तातून आलं. गावठाणं जागेवर राहिली, शेतं गेली. म्हणजे शहर बाहेरच्यांना बोलवत होतं आणि घरचे आपल्याच शेतात विस्थापित होत होते.

बोलावलेले तरी आले का? बरीच वर्षं नाही. मुळात सरकारी कार्यालयं इथे यावीत अशी अपेक्षा होती, पण राज्य सरकार नरिमन पॉइंटच्या परिसरातून हललं नाही. घाऊक बाजार मात्र कायद्याच्या जोरावर मशीद बंदर-भायखळ्याहून तुर्भ्याला आणले गेले आणि त्यांच्यामागे हमाल, मापाडी, ट्रकवाले आले. ठाणे खाडीचा पूल १९७३ चा, तरी नोड, म्हणजे नव्या शहराचे आखलेले भाग, अर्धे रिकामेच. मग १९९२ च्या मे महिन्यात मानखुर्दहून वाशीला लोकल आली. त्यानंतर घरांचे भाव आणि वस्ती दोन्ही कसे चढले, हे त्या काळात वाशी-नेरूळला भाड्याने राहिलेल्या कुणालाही विचारा.

तोच खेळ अलीकडे नवी मुंबईतल्याच उलव्यात झाला. विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांच्या पुनर्वसनाचे भूखंड शेजारीच पडले, इमारती आधी उभ्या राहिल्या, आणि गाडी खारकोपरपर्यंत आली २०१८ मध्ये, उरणपर्यंत २०२४ च्या जानेवारीत. तिथल्या फ्लॅटची कुठलीही जाहिरात उघडा. खोल्या किती हे नंतर येतं, स्टेशन किती मिनिटांवर हे आधी.